कोनी कंसातलं पुणे

पुण्याचा नकाशा साध्या नोटपॅडमध्येही उघडता येतो. त्यात रंग नसतात, रेषा नसतात, मुठेचा निळा पट्टा नसतो. नुसत्या ओळी असतात. एखाद्या पेठेपुरता तुकडा घेतला तर हजारो, अख्खं शहर घेतलं तर लाखो. पुष्कळ ओळींमध्ये दोन आकडे दिसतात, एक अठरा पूर्णांक काहीतरी आणि दुसरा त्र्याहत्तर पूर्णांक काहीतरी, दशांश चिन्हापुढे सात स्थळांपर्यंत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. त्याला एक कोटीने भागलं की सातव्या स्थळाची किंमत कळते: एक सेंटिमीटरच्या आसपास. इतक्या बारकाईने पुणं कोणी मोजलेलं नाही, पण तेवढी जागा फाइलीत राखून ठेवलेली आहे.

ही फाइल ओपनस्ट्रीटमॅपची. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये हा प्रकल्प सुरू केला, आणि जगभरातले स्वयंसेवक तेव्हापासून आपापली गावं त्यात भरत आले आहेत. संकेतस्थळावर पुण्याचा लहानसा तुकडा निवडून निर्यातीचं बटण दाबलं की तो तुमच्या संगणकावर उतरतो. (लहानसाच. एका वेळी ५०,००० बिंदूंपेक्षा जास्त मागितले तर नकार मिळतो, आणि पेठांच्या दाटीत ही मर्यादा वाटते तितकी मोठी नाही.) उतरलेली फाइल एक्सएमएल या पद्धतीने लिहिलेली असते. स्क्रिप्टिंग भाषा नव्याने शिकणाऱ्याला सरावासाठी याहून चांगलं काही मला सुचत नाही, कारण उत्तर बरोबर आलं का ते दुचाकी काढून पाहून येता येतं.

एक्सएमएल म्हणजे कोनी कंसात नावं लिहून मजकुराचे भाग पाडण्याची रीत. मूळ फाइलीतली नावं इंग्रजी असतात. मी ती मराठीत मांडतो, आकडे नमुन्याचे घेतो:

<नकाशा>
  <बिंदू क्र="१" अक्षांश="१८.५१" रेखांश="७३.८४"/>
  <बिंदू क्र="२" अक्षांश="१८.५२" रेखांश="७३.८५"/>
  <रस्ता क्र="७">
    <थांबा संदर्भ="१"/>
    <थांबा संदर्भ="२"/>
    <खूण प्रकार="नाव" मूल्य="लक्ष्मी रस्ता"/>
  </रस्ता>
</नकाशा>

हे मराठीकरण वाचकाच्या सोयीसाठी केलं असं वाटेल, पण वरचा मजकूर जसाच्या तसा टंकून पायथन या स्क्रिप्टिंग भाषेला दिलात तर तो निमूटपणे वाचतो. एक्सएमएलच्या नियमांनी कंसातली नावं देवनागरीत लिहायला पहिल्या दिवसापासून मुभा दिलेली आहे, आणि तो पहिला दिवस होता १० फेब्रुवारी १९९८. पुण्यातल्या सायबर कॅफेंमध्ये मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसण्याचे ते दिवस!

या रीतीचं मूळ आणखी मागे जातं. १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघं कायद्याची कागदपत्रं संगणकात कशी ठेवावीत या खटपटीत होते. मजकूर ‘कसा दिसावा’ हे न लिहिता तो ‘काय आहे’ हे लिहावं, अशी त्यांची कल्पना. ठळक अक्षर असं न सांगता ‘हे शीर्षक’ असं सांगायचं. १९८६ मध्ये त्यातून एक भलंथोरलं आंतरराष्ट्रीय मानक निघालं, आणि त्याचीच काटछाट करून एक्सएमएल बनलं. आज तरुण प्रोग्रामर नाक मुरडतात, जेसन ही दुसरी रीत वापरा म्हणतात. मुरडोत. वर्डची डॉक्स फाइल ही प्रत्यक्षात एक्सएमएल फाइलींचं झिप केलेलं गाठोडं असते, आणि आधारची ऑफलाइन केवायसी उतरवून घेतलीत तर झिपमधून बाहेर पडतं तेही एक्सएमएलच.

आता ही फाइल प्रोग्राम वाचतो म्हणजे नेमकं काय करतो? मला सगळ्यात थक्क करणारा भाग हा वाटतो, कारण इतक्या साध्या यंत्रणेतून इतकं काही निघेल असं वाटत नाही.

वाचणारा प्रोग्राम, म्हणजे पार्सर, एकेक अक्षर घेत पुढे जातो. कंस उघडला की कुठलं नाव उघडलं ते लक्षात ठेवतो. त्याच्या आत दुसरं नाव उघडलं तर तेही पहिल्याच्या वर ठेवतो. तिरपी रेघ असलेला बंद करणारा कंस आला की सर्वांत वरचं नाव तपासतो: जुळलं तर काढून टाकायचं, नाही जुळलं तर थांबायचं. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजातून ओसरी, ओसरीतून माजघर असं आत गेलात तर बाहेरही माजघर, ओसरी, दिंडी याच क्रमाने यावं लागतं. पार्सरही तसाच आत-बाहेर करतो. त्याच्या स्मरणात एका वेळी फक्त आतापर्यंत ओलांडलेली आणि अजून न मिटलेली दारं असतात.

म्हणजे स्मरणशक्ती लागते ती फाइलीच्या लांबीइतकी नाही, खोलीइतकी. ओपनस्ट्रीटमॅपची फाइल तर अगदी उथळ: नकाशा, त्यात रस्ता, त्यात खूण. तीन पायऱ्या, बस. संपूर्ण पृथ्वीची ही फाइल उलगडल्यावर एक टेराबाइटहून मोठी भरते, आणि तिच्यात आपण कुठे आहोत हे कळायला पार्सरला तीन नावं आठवली की पुरतात.

त्याला अर्थ मात्र कशाचाच कळत नाही. ‘रस्ता’ऐवजी ‘भेंडी’ लिहिलंत आणि बंद करतानाही ‘भेंडी’च लिहिलंत, तरी त्याची तक्रार नाही. तक्रार जोडी न जमण्याची. ती जमली नाही की पार्सर ओळ क्रमांक आणि स्तंभ सांगून काम सोडतो, आणि तसं सोडलंच पाहिजे असा नियमच आहे. वेबपानांच्या बाबतीत ब्राउझर सांभाळून घेतो, राहिलेला कंस अंदाजाने मिटवतो. एक्सएमएल रचणाऱ्यांनी ठरवून उलट केलं: चुकीच्या फाइलीवर अंदाज बांधायचा नाही. नवशिक्याचा पहिला तास यावर चिडण्यात जातो. दुकानाच्या नावात ‘& सन्स’ असतं आणि फाइल हाताने लिहिणाऱ्याने ते & तसंच ठेवलेलं असतं. एक्सएमएलमध्ये या चिन्हाला विशेष अर्थ असल्यामुळे ते थेट लिहिता येत नाही, त्याच्यासाठी ठरलेली सांकेतिक जोडणी लिहावी लागते. एवढ्या एका चिन्हावर लाखो ओळी अडून बसतात.

पार्सर स्वतः लिहायची गरज नाही. पायथनमध्ये एलिमेंट-ट्री नावाचं साधन सोबतच येतं. फ्रेड्रिक लुंड या स्वीडिश प्रोग्रामरने ते लिहिलं आणि २००६ मध्ये पायथनच्या २.५ या आवृत्तीत ते कायमचं सामील झालं. साधन मागवायचं, त्याला फाइलीचं नाव सांगून ‘पार्स’ म्हणायचं, त्याने बांधलेल्या झाडाचं मूळ ‘गेट-रूट’ने हातात घ्यायचं आणि मुळाच्या प्रत्येक लेकरावरून ‘फॉर’ने फिरायचं. एवढ्या तीन-चार ओळींत शहर स्मृतीत उभं राहतं. पायथन ३ मध्ये आपण ठेवलेली नावंही देवनागरीत चालतात: ‘चौक’ नावाचा कोश (डिक्शनरी), ‘रस्ते’ नावाची यादी. भाषेचे राखीव शब्द तेवढे इंग्रजी.

अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘फाइंड-ऑल’ फक्त थेट लेकरं शोधतो, नातवंडांपर्यंत जात नाही. मुळाशी उभं राहून खुणा मागितल्या तर हाती रिकामी यादी येते, आणि चूक झाल्याचं कोणी सांगत नाही. सगळ्या पिढ्या हव्या असतील तर ‘इटर’. एखादा गुणधर्म त्या ओळीत नसेलच तर ‘गेट’ काहीच नाही अशा अर्थाची ‘नन’ ही किंमत देतो, आणि प्रोग्राम पुढे भलत्याच ठिकाणी पडतो. आणि अवतरणचिन्हांत असतो तो मजकूर, आकडा नव्हे. अक्षांशांची वजाबाकी करायची तर आधी त्यांचं संख्येत रूपांतर करायचं, ‘फ्लोट’ वापरून. इथे एक गंमत करून पाहा: ‘फ्लोट’ला देवनागरी आकड्यांतला "१८.५१" द्या. त्याचीही तो बिनतक्रार संख्या करतो. वर नमुन्यात मी मराठी आकडे लिहिले, ते या भरवशावर.

कंसांनी झाड तयार होतं आणि झाडात प्रत्येक लेकराला एकच पालक असतो. पण शहर झाड नसतं. अलका टॉकीजचा चौक घ्या. लक्ष्मी रस्ता तिथे येतो, टिळक रस्ता तिथे येतो. मग चौक लेकरू कोणाचं? लक्ष्मी रस्त्याच्या पोटात लिहिला तर टिळक रस्त्याला तो दिसणार नाही, दोन्हींत लिहिला तर एका जागेचे दोन चौक होतील. ओपनस्ट्रीटमॅपने यातून काढलेली वाट वरच्या नमुन्यात दिसते. बिंदू स्वतंत्र ठेवले, प्रत्येकाला क्रमांक दिला, आणि रस्त्याच्या पोटात बिंदूऐवजी फक्त त्याचा क्रमांक लिहिला. रस्ता म्हणजे क्रमांकांची माळ. दोन माळांत एकच क्रमांक आला की ते रस्ते तिथे भेटतात.

म्हणजे फाइलीत ‘चौक’ असा घटक नाही. चौक शोधून काढावा लागतो, आणि तो शोधणं नवशिक्याच्या आवाक्यातलं आहे. एक रिकामा कोश घ्या. रस्ता असल्याची खूण असलेल्या प्रत्येक घटकातल्या क्रमांकांवरून जा आणि दर क्रमांकापुढे एक रेघ वाढवत चला. शेवटी ज्यांच्यापुढे एकाहून जास्त रेघा असतील त्या बिंदूंपाशी काहीतरी जुळतंय. घाईने त्यांना चौक म्हणू नका. एकच रस्ता पुलावर चढतो तिथे किंवा त्याचं नाव बदलतं तिथे फाइलीत त्याचे दोन तुकडे केलेले असतात आणि त्या सांध्यापाशीही दोन रेघा पडतात. म्हणून माळेच्या टोकाच्या बिंदूला एक आणि मधल्या बिंदूला दोन रेघा द्या; मग तीन किंवा त्याहून जास्त रेघा असलेले बिंदू घेतले की यादी पुष्कळ खरी होते. तरीही मोठा चौक एका बिंदूत मावत नाही. दुभाजक असलेल्या रस्त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढतात, त्यामुळे आपण एक चौक म्हणतो तिथे फाइलीत चार चौक निघतात. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचाही अनुभव काही निराळा नाही.

याच क्रमांकांमुळे आणखी एक गोष्ट उलगडते. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत सुरू झालेली भुयारी मेट्रो मंडई आणि कसबा पेठेखालून जाते. नकाशाच्या चित्रात तिची रेघ पेठांतल्या गल्ल्यांना छेदून जाताना दिसते. फाइलीत मात्र तिच्या माळेत आणि गल्लीच्या माळेत सामाईक क्रमांक नसतो, म्हणून त्या भेटत नाहीत. उड्डाणपुलांचंही तेच. चित्र पाहून जे सांगता येत नाही ते क्रमांक सांगतो. वाटाड्या ॲप तुम्हाला पुलावरून खालच्या रस्त्यावर उडी मारायला सांगत नाही, त्याचं कारण एवढंच आहे.

क्रमाचंही असंच. रस्ता एकेरी असल्याची खूण त्याच्या पोटात असते. पण कुठल्या दिशेने एकेरी, हे थांब्यांच्या क्रमावरून ठरतं. जंगली महाराज रस्त्याचे थांबे उलटे लावलेत तर कागदावरची वाहतूक उलटी फिरेल. एक्सएमएल लेकरांचा क्रम जपतं, पण एका कंसातल्या गुणधर्मांचा क्रम अर्थपूर्ण मानत नाही. अक्षांश आधी लिहा की रेखांश, फरक नाही. कुठे क्रम मोलाचा आणि कुठे नाही, हे नियमांत इतकं स्वच्छ लिहिलेलं असल्यानेच त्यावर वाहतूक सोपवता येते.

लहान फाइल आख्खी स्मृतीत घेतली तरी चालते. महाराष्ट्राची घेतलीत तर लॅपटॉप कण्हायला लागतो, कारण मजकुरातून उभं केलेलं झाड मूळ फाइलीपेक्षाही जास्त जागा खाऊ शकतं. अशा वेळी ‘इटर-पार्स’. तो झाड बांधता बांधता प्रत्येक घटक पूर्ण झाला की तुमच्या हाती देतो. तुम्ही हवं ते टिपून घ्यायचं आणि ‘क्लिअर’ म्हणून तो रिकामा करायचा. घाईत ‘क्लिअर’ राहून गेलं तर झाड गुपचूप वाढत राहतं. या पद्धतीला फाइलीची मांडणीही साथ देते. सगळे बिंदू आधी, मग रस्ते, मग त्यांना एकत्र बांधणारे संबंध, असा तिचा क्रम असतो. म्हणून रस्ता वाचायची वेळ येते तेव्हा त्याचे बिंदू डोळ्यांखालून गेलेले असतात.

ज्यांना नकाशात रस नाही त्यांनी रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढावा आणि फोनमधल्या ॲपने वाट नोंदवावी. त्यातून मिळणारी जीपीएक्स फाइल एक्सएमएलच असते: दर थोड्या वेळाने एक बिंदू, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि वेळ. ती उघडल्यावर दोन धक्के बसतात. सकाळी सहाला पायथ्याशी असलेला बिंदू रात्री साडेबाराचा निघतो. वेळ ग्रीनिचच्या हिशोबाने लिहिलेली असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात. पहाटे पाचला निघालात तर तारीखही आदल्या दिवसाची. दुसरा धक्का असा की बिंदू डोळ्यांना ढळढळीत दिसत असतात आणि ‘फाइंड-ऑल’ एकही शोधत नाही. मुळाच्या कंसात एक लांबलचक वेबपत्ता दिलेला असतो. हा नामावकाश, म्हणजे ‘या फाइलीतली नावं अमुक घराण्याची’ अशी घोषणा. पार्सर प्रत्येक नावापुढे तो आख्खा पत्ता लावतो, त्यामुळे नुसत्या नावाने हाक मारली तर कोणी ओ देत नाही. पत्त्यासकट हाक मारावी, किंवा पायथन ३.८ पासून पत्त्याच्या जागी तारांकन ठेवावं.

अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल मात्र जपून उघडावी. एक्सएमएलमध्ये लांब मजकुराला छोटं टोपणनाव देता येतं, आणि टोपणनावात दुसरी टोपणनावं वापरता येतात. प्रत्येक पायरीवर दहापट, अशा नऊ पायऱ्या रचल्या की एक किलोबाइटहून लहान फाइल उलगडताना तीन गिगाबाइटच्या आसपास जाते. पार्सरांनी आता यावर बंदोबस्त केला आहे, पण जुनी आवृत्ती असेल तर यंत्र बसतं.

राहता राहिली मराठी. ‘पुणे’ या अक्षरांची लांबी पायथनला विचारा, उत्तर येतं चार: प, उकार, ण, मात्रा. फाइलीत साठवताना प्रत्येकाला तीन बाइट, म्हणून बारा. एक्सएमएलने सुरुवातीपासूनच युनिकोड ही जगभरच्या लिप्यांची संकेतपद्धती पाया म्हणून धरली, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय संकेताच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक स्थापन झालं, आणि तिथल्या जिस्ट गटाने पुढे भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम केलं. पण याच शहरात श्री-लिपीसारख्या फॉन्टांवर वर्षानुवर्षं पुस्तकं आणि पत्रिका जुळवल्या गेल्या. तसल्या जुन्या फॉन्टांत साठवलेला मजकूर दिसतो मराठी, आत मात्र भलतीच अक्षरं असतात. तो रूपांतर न करता एक्सएमएलमध्ये घातलात तर पार्सर वाचेल, शोधात मात्र काहीच सापडणार नाही.

युनिकोडमध्येही फसगत होते. कऱ्हा नदीतला ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. पडद्यावर फरक दिसत नाही, पायथनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. तुलना करण्याआधी दोन्हीकडचा मजकूर एकाच साच्यात आणणारं ‘नॉर्मलाइझ’ नावाचं काम सोबत येणाऱ्या युनिकोडडेटा या साधनात आहे. मराठी नावं शोधणाऱ्याने ती सवय सुरुवातीलाच लावून घ्यावी.

नावांच्या खुणा फाइलीत भाषावार असतात: एक सर्वसाधारण नाव, एक मराठीतलं, एक इंग्रजीतलं. रस्त्यांवरून फिरताना मराठी नावाची खूण नसलेले तेवढे वेगळे काढा, ही अट दोन ओळींची आहे. निघालेली यादी घेऊन संकेतस्थळावर खातं उघडलंत तर ती नावं तुम्हालाच भरता येतात. तिथला मुख्य दंडक असा, जमिनीवर जे आहे ते लिहायचं. लोकांच्या तोंडचं नाव आणि महापालिकेच्या दप्तरातलं नाव यांत पुण्यात अंतर असतं, एफ. सी. रोड हा कागदोपत्री नामदार गोपाळ कृष्ण गोखले रस्ता आहे. त्यासाठीही सोय केलेली आहे. अधिकृत नाव, पर्यायी नाव आणि जुनं नाव यांना वेगवेगळ्या खुणा आहेत आणि एका रस्त्याच्या पोटात त्या सगळ्या बसतात. शोध लिहिताना सर्वसाधारण नावासकट चारही तपासा, नाहीतर गोखले रस्ता सापडेल आणि एफ. सी. रोड हरवेल.